शंभर खळग्यांचं ताट

नापास झालेल्या गोष्टींवर माझ्या साडूंइतकी माया करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. जमलेल्या गोष्टीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. एकदा आमच्या डोंबिवलीच्या घरी हिने ढोकळा केला आणि तो फुगला नाही. आम्ही सगळे माना खाली घालून, चटणी जरा जास्तच घेऊन गुपचूप खात होतो. साडूंनी खिशातून स्टीलची सहा इंची पट्टी काढली, ढोकळ्याची उंची चार ठिकाणी मोजली आणि प्रसन्न चेहऱ्यानं विचारलं, "सोडा घातल्यावर किती मिनिटांनी उकडायला ठेवलात?"  पुढचे दोन महिने ही त्यांच्याशी बोललीच नाही, आणि साडूंच्या ते लक्षातही आलं नाही. पुढच्या भेटीत त्यांनी आपण होऊन सांगितलं, "तुमचा तो ढोकळा मध्ये अकरा मिलिमीटर होता, कडेला चौदा. तुमच्या शेगडीची आच मध्यभागी कमी पडते." ही आत गेली आणि तिने भांडी जरा जोरात ठेवायला सुरुवात केली. नंतर प्लंबर की कुणीतरी आला तेव्हा शेगडीची मधली भोकं खरोखरच बुजलेली निघाली, ही गोष्ट आमच्या घरात आजही मोठ्यानं बोलायची नाही.

ते हिच्या ताईचे यजमान. राहायला माजिवड्याला, उड्डाणपुलाच्या इतके जवळ की हॉलमध्ये बोलताना मोठी गाडी गेली तर वाक्य मध्ये थांबवावं लागतं आणि गाडी गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करावं लागतं. तीस-बत्तीस वर्षं नोकरी एकच, वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात. तिथे पांढऱ्या चकत्या तयार होत. दिसायला कपबशीच्या फुटक्या तुकड्यासारख्या. पण त्यांचा गुण असा की त्यांना दाबलं की त्या वीज देतात, आणि वीज दिली की त्या थरथरतात. ट्रक मागे घेताना जो पीं-पीं आवाज येतो तो अशाच चकतीचा. गॅसचा लायटर दाबल्यावर जी ठिणगी पडते, तीही लायटरच्या पोटात बसलेल्या अशाच एका पांढऱ्या तुकड्याची कृपा. हे मला त्यांनी माझ्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, मुंडावळ्या कानावरून बाजूला करून सांगितलं होतं.

त्यामुळे ते कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जात. लोकांना वाटे, माणूस घरोब्याचा आहे. ते ओट्यावरचा लायटर उचलत, कानाशी धरून आठ-दहा वेळा टकटक करत आणि "चांगला आहे," किंवा "याचा तुकडा चिरला आहे," असा निकाल देऊन बाहेर येऊन बसत. आमच्या पुतणीला बघायला कल्याणची मंडळी आली होती, तेव्हा बोलणी अडखळली होती. हे उठले, आत गेले, आणि आतून टक् टक् टक् असा आवाज येऊ लागला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आत कोण आहे?" मी म्हटलं, "आमचे साडू. ते सिरॅमिकमध्ये आहेत." ते गृहस्थ का कुणास ठाऊक एकदम मऊ झाले. लग्न जमलं. साडूंचं मत मात्र असं की त्या घरचा लायटर बदलायला हवा होता.

या पांढऱ्या तुकड्यात शिसं असतं. भाजून दगड झाल्यावर ते त्यातून बाहेर पडत नाही, स्वयंपाकघराला काही धोका नाही; पण भाजण्याआधी जी पावडर दळतात, चाळतात, वजन करतात, ती करणाऱ्याच्या अंगात शिरते. शिसं न घालता तोच गुण आणता येईल का, हा प्रश्न जगभर शेकडो लोक सोडवत आहेत, असं साडू सांगत. वागळे इस्टेटमधल्या त्या तीन खोल्यांच्या कारखान्यात बसून आपणही तो सोडवत आहोत, याचं त्यांना अजिबात नवल वाटत नसे. पोटॅश, सोडा, नायोबियम नावाचं एक महाग प्रकरण आणि चिमूटभर इतर काही, अशी त्यांची सामग्री. पण कुणाचं किती, हे कुणालाच माहीत नाही. एक मिश्रण वजन करायचं, दळायचं, वाळवायचं, दाबून चकती करायची, भाजायची, घासायची, चांदीचा लेप लावायचा, विजेचा चटका द्यायचा आणि मग मोजायचं. एका मिश्रणाला आठ-दहा दिवस. एका रविवारी दुपारी ते अचानक डोंबिवलीला आले, चपला काढल्या आणि दारातच म्हणाले, "साडूबुवा, मी हिशेब केला. मला तीनशे दहा वर्षं लागतील."

मी म्हटलं, "चहा तरी घ्या."

त्यांनी चहा घेतला आणि ते तसेच बसून राहिले. एवढे खचलेले मी त्यांना त्यापूर्वी पाहिले नव्हते. निवृत्तीला सहा वर्षं उरली होती.

पंधरा दिवसांनी फोन आला. आवाज एकदम तरुण. बाहेरच्या देशांत लोक एक-एक मिश्रण करतच नाहीत, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. ते शेकडो मिश्रणं एकदम करतात. छपाईयंत्रात शाईच्या जागी पातळ केलेली पावडर भरतात, यंत्र थेंब सोडत जातं, दर ठिपक्यात प्रमाण थोडं निराळं, आणि मग सगळे ठिपके एकदम भाजून एकदम मोजायचे. बहुतेक नापासच होतात. पण कुठे नापास होतात आणि कुठे जरा कमी नापास होतात, याचा नकाशा हाती येतो, आणि पुढचं ताट त्या बाजूला सरकवता येतं. साडूंनी भंगारवाल्याकडून एक जुना रंगीत प्रिंटर आणला आणि रंगांच्या चार डब्यांत चार प्रकारचं पांढरं पाणी भरलं. "प्रिंटरला काय कळतं शाई आहे की चिखल?" असं ते म्हणाले होते. प्रिंटरला कळलं. अर्ध्या तासात त्याची नाकं बुजली ती कायमची. मग त्यांनी त्याचं डोकं काढून टाकलं, फक्त इकडून तिकडे सरकणारा गाडा ठेवला, आणि त्याच्यावर इंजेक्शनच्या चार पिचकाऱ्या बांधल्या. खाली भट्टीत टिकणाऱ्या पांढऱ्या मातीचं चौकोनी ताट, त्यात दहा गुणिले दहा खळगे. गाडा सरके, पिचकाऱ्या थेंब थेंब सोडत, आणि दुपारपर्यंत शंभर निरनिराळी मिश्रणं ताटात बसत. हे सगळं उभं करायला दीड वर्ष गेलं. ताई म्हणाली, "बरं झालं, लग्न ठरवताना यांना ही पद्धत ठाऊक नव्हती. शंभर मुली ताटात मांडून बसले असते."

पद्धत घरात शिरायला वेळ लागला नाही. आमटीत गूळ किती हवा, हे त्यांनी आप्पेपात्राच्या सात खळग्यांत सात आमट्या करून ठरवलं, आणि सातही कुणाला आवडल्या नाहीत तेव्हा त्यांनी समाधानानं तशी नोंद केली. हॉलला रंग द्यायचा होता. त्यांनी एका भिंतीवर चौसष्ट चौकोन आखले आणि चौसष्ट छटा लावल्या, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं अक्षर आणि आकडा. रंगारी कंटाळून निघून गेला. भिंत तशीच राहिली, कारण उन्हाळ्याचे निकाल आले होते पण पावसाळ्याचे यायचे होते, आणि पावसाळा झाल्यावर धुळीचे. दोन दिवाळ्या त्या भिंतीसमोर झाल्या. येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, "हे काय?" आणि ताई थकलेल्या आवाजात सांगे, "अजून चालू आहे." शेवटी तिनेच एके दिवशी माणूस बोलावून सगळी भिंत पांढरी करून घेतली. साडू संध्याकाळी आले, भिंतीसमोर दोन मिनिटं उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "क-पाच बरा होता गं."

मी महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालो तेव्हा माझी एकच इच्छा होती, दुपारी झोपायचं. छत्तीस वर्षं मी लोकांच्या पाण्याच्या तक्रारी नोंदवून घेतल्या होत्या, आणि त्या सगळ्या जणू माझ्या पाठीत साठून राहिल्या होत्या. निवृत्तीनंतर तिसऱ्याच दिवशी साडू हजर. "तुम्हाला रकाने भरायची सवय आहे. मला आकडे उतरवून घ्यायला माणूस हवा. आठवड्यातून तीन दुपारी." मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "जा की. घरी तरी काय करताय?" अशा रीतीनं मी डोंबिवलीहून वागळे इस्टेटला आकडे लिहायला जाऊ लागलो.

मोजायचं काम सुलभाबाई करत. पन्नाशीच्या, दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या, अंगानं सडसडीत, बोलायला फटकळ. पहाटे पाण्याच्या टँकरला नंबर लावून, तीन मजले पाणी चढवून त्या कामावर येत आणि आल्या आल्या खुर्चीत बसून एक मिनिट डोळे मिटत. मग पुढ्यातल्या ताटातल्या एकेका ठिपक्यावर सुई टेकवायची, दाबल्यावर तो किती वीज देतो तो समोरच्या यंत्रावरचा आकडा वाचायचा. त्यांचा हात इतका हलका की सुई टेकली हे ठिपक्यालाही कळू नये. पहिल्या दिवशी त्या वाचायला लागल्या, "अ-एक, नाही. अ-दोन, नाही. अ-तीन, नाही." मी रकान्यात फुल्या मारू लागलो. मागून साडू आले, माझ्या खांद्यावरून डोकावले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नाही म्हणजे किती नाही?"

"नाही म्हणजे नाहीच की साहेब," सुलभाबाई म्हणाल्या. "दोन, तीन, असं काहीतरी दाखवतोय."

"दोन की तीन? दोनात आणि तीनात दीडपट फरक आहे बाई. फुली मारू नका, साडूबुवा. फुली म्हणजे आपण बघितलंच नाही."

तेव्हापासून मी फुली मारली नाही. शंभर ठिपके, प्रत्येकी तीन वाचनं, आठवड्याला एक ताट, कधी दोन. दुपारी तीनच्या सुमाराला त्या खोलीत पंख्याचा आणि सुलभाबाईंचा आवाज मिळून एकच आवाज होई. माझी मान खाली जाई, आकडा चुके, बाई तोच आकडा पुन्हा, जरा मोठ्यानं वाचत. दोन वर्षं आम्ही तिघं असे नापासांची हजेरी घेत बसलो. कुणी विचारलं की काय करता, तर मला धड सांगता येत नसे. साडूंना ताटामागून ताट फुकट गेल्याचं दुःख कधी दिसलं नाही. ते संध्याकाळी रंगीत पेन्सिलींनी नकाशा भरत, कमी नापासाला पिवळा, जास्त नापासाला निळा, आणि निळ्या कागदाकडे मुलाच्या प्रगतिपुस्तकासारखं बघत.

या सगळ्याच्या मागे काय होतं ते मला त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं सुलभाबाईंनी, डबा खाताना. कारखान्यात रक्ततपासणी फार उशिरा सुरू झाली. काही वर्षांपूर्वी बाईंच्या रक्तात शिसं निघालं, बरंच. त्याआधी बारा वर्षं त्या आतल्या खोलीत पावडर चाळायला आणि वजन करायला होत्या, तोंडाला ओढणी बांधून. निकाल आला त्याच दिवशी साडूंनी त्यांना तिथून उठवून मोजायच्या टेबलाशी बसवलं, आणि त्या खोलीत धूळ ओढून घेणारं यंत्र बसवल्याशिवाय भट्टी पेटवणार नाही म्हणून शेठशी भांडले.

"आता कसं आहे?" मी विचारलं.

"उतरलंय. पोट दुखायचं, ते कमी झालंय. हाताला मुंग्या येतात मधेमधे." त्यांनी भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला. "साहेबांना वाटतं मला कळत नाही हे सगळं कशापायी चाललंय. मला काय, मी सुई टेकवते."

त्या दिवसापासून मला दुपारी झोप आली नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. येतच होती. पण आकडे चुकायचे बंद झाले.

मग तो सोमवार आला. ताट नेहमीसारखंच होतं. सुलभाबाई वाचत होत्या, "ज-आठ, एकवीस. ज-नऊ, एकोणीस. ज-दहा..." आणि थांबल्या. सुई उचलली, पुसली, परत टेकवली. परत उचलली. "साहेब, इकडे या जरा." यंत्र दोनशे चौतीस दाखवत होतं. शिसं घातलेली आमची नेहमीची चकती दोनशे साठ-सत्तर दाखवते. मी उभाच राहिलो. सुलभाबाईंनी तोंडावर हात ठेवला. साडूंनी पाच वेळा मोजून घेतलं, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि ते म्हणाले, "कुणाला सांगू नका." मग खुर्चीत बसले आणि बराच वेळ नुसते ताटाकडे बघत राहिले. मला वाटलं, आनंदानं. पण जाताना रिक्षात म्हणाले, "असं एकदम होत नाही हो. शेजारचे वीसच्या घरात आणि हा एकटाच दोनशे? डोंगर असा एकाएकी उभा राहत नाही. आधी चढ लागतो."

कुणाला सांगू नका म्हटलेली गोष्ट तीन खोल्यांच्या कारखान्यात किती वेळ राहणार? दुसऱ्या दिवशी धाकटे शेठ पेढे घेऊन आले. थोरले शेठ आता येत नसत. कारखान्याची जागा इमारतीसाठी द्यायचं धाकट्यांनी जवळजवळ ठरवलं होतं, वर्षअखेर भट्टी बंद व्हायची होती. पण शिशाविना चकती जमली तर एक मोठं गिऱ्हाईक तयार होतं, आणि मग कारखाना दुसरीकडे हलवून चालवता आला असता. तेवढीच दोरी होती, आणि तिला सुलभाबाई धरून अकरा माणसं लटकत होती. सगळ्यांनी पेढे खाल्ले. साडूंनी आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

पुढचे पाच आठवडे त्यांनी तेच मिश्रण परत परत केलं. मोठी चकती केली, बावीस. परत केली, चोवीस. दोनशे काही केल्या येईना. एके दिवशी त्यांनी ताटाच्या शंभरही खळग्यांत तेच एक मिश्रण भरायला लावलं. मी म्हटलं, "यात शोधायचं काय?" ते म्हणाले, "जागा." भाजून आलेलं ताट सुलभाबाईंनी मोजलं. चौऱ्याण्णव ठिपके विशीत. मागच्या कोपऱ्यातले सहा दोनशेच्या वर. साडूंनी डोळे मिटून घेतले.

भट्टीच्या मागच्या भिंतीला ताटाचा तोच कोपरा लागत असे. त्या भट्टीत पंचवीस वर्षं शिशाच्या चकत्या भाजल्या होत्या. भाजताना थोडं शिसं वाफ होऊन उडतं, विटांत मुरून बसतं, आणि भट्टी तापली की परत बाहेर येतं. हे मिश्रण ती वाफ इतरांपेक्षा पटकन ओढून घेणारं निघालं, आणि आमच्या त्या सहा ठिपक्यांत तेच शिसं उतरलं होतं. आम्ही शिसं टाळायला निघालो होतो आणि आम्हाला पास केलं होतं जुन्या शिशानंच. मी इतका थकलो होतो की मला हसू आलं. सुलभाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुई पुसून डबीत ठेवली आणि त्या पाणी प्यायला गेल्या.

साडू सरळ धाकट्या शेठकडे गेले. मीही मागे गेलो, कारण कागद माझ्या हातात होते. शेठनी ऐकून घेतलं, फोन उलटा ठेवला आणि हळूच म्हणाले, "काका, मी पार्टीला ऑलरेडी बोललोय. त्यांना सॅम्पल पाहिजे. सॅम्पल आहे ना आपल्याकडे? सहा पीस आहेत."

"त्यात शिसं आहे."

"थोडंसंच ना? वो लोग कहाँ इतना चेक करतात. एकदा ऑर्डर येऊ दे, मग तुम्ही आरामात खरं शोधा. मी कुठे नको म्हणतोय?"

"थोडंसं की जास्त, ते मला सांगता येत नाही. ते मी घातलेलंच नाही," साडू म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि तसं गेलं तर तिकडे कुणीतरी ते शिशाविना आहे म्हणून उघड्या हातानं दळेल."

"काका, बाहेर अकरा जण बसलेत. त्यांचं काय करू, ते सांगा."

साडूंनी माझ्या हातातले कागद घेतले. आपल्या टेबलाशी येऊन त्यांनी गिऱ्हाइकाला दोन ओळींचं पत्र लिहिलं, "निकाल चुकीचा होता. चूक माझी." मला टाइप करायला सांगितलं. मी टाइप केलं, पण पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

गिऱ्हाईक गेलं. भट्टी वर्षअखेरची ती दिवाळीआधीच बंद झाली. त्याआधी उरलेल्या सहा आठवड्यांत साडूंनी बंद झाकणाची एक नवी कोरी पेटी मिळवली आणि ताट त्यात ठेवून भट्टीत भाजलं, म्हणजे विटांची वाफ आत जाऊ नये. अशी सात ताटं झाली. पाचव्या ताटात एक ठिपका अठ्ठ्याण्णववर आला. त्याचे शेजारी नव्वद, शहाऐंशी, ऐंशी. चढ होता. परत केला, पंच्याण्णव. परत केला, सत्त्याण्णव. लायटरला पुरणार नाही, पण ट्रकच्या पीं-पींला पुरेल, एवढा. साडूंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरा आहे." मग त्या जागी गाड्या लागल्या, भिंती पडल्या, आणि आता तिथे निळे पत्रे आहेत.

सगळ्या ताटांचे कागद त्यांनी दोन बॅगांत भरून माजिवड्याला आणले. त्यांनी तीन-चार संस्थांना पत्रं लिहिली. एकीतल्या एका मुलीचा फोन आला, ती याच विषयावर संशोधन करत होती. तिने विचारलं, "सर, जे जमलं नाही त्याचेसुद्धा आकडे आहेत तुमच्याकडे? ते कुणीच छापत नाही हो." साडू तिच्याशी तासभर बोलले. ताई म्हणाली, आमच्या लेकीच्या बाळंतपणाची बातमी आली तेव्हाही यांचा असा चेहरा झाला नव्हता.

एवढ्यावर हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते मला म्हणाले, "दिव्याला जायचं आहे. तुम्ही या बरोबर." सुलभाबाईंना अजून काम मिळालं नव्हतं, घरीच ब्लाउजची हातशिलाई करत होत्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. जिन्यात पाण्याचे हंडे, सायकली, कुणाची तरी वाळत घातलेली चादर. बाईंनी दार उघडलं, गडबडीनं पलंगावरचे कपडे बाजूला केले, आम्हाला बसवलं, आणि दोन ग्लास काठोकाठ भरून पाणी दिलं. साडूंनी ग्लास हातात धरून ठेवला.

"बाई, एक सांगायचं होतं. तुम्हाला पावडरच्या खोलीत मी घेतलं होतं."

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "मीच मागून घेतलेलं. तुम्ही मला पॅकिंगला टाकत होता. पॅकिंगला दिवसभर उभं राहायला लागायचं, माझी धाकटी पोटात होती तेव्हा. मी म्हटलं मला बसायचं काम द्या. तुम्हाला आठवत नाही?"

साडूंना आठवत नव्हतं. जे घडेल ते टिपून ठेवणाऱ्या त्या माणसाकडे याची नोंद नव्हती. त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही मागितलंत हे खरं असेल. पण त्यात शिसं आहे हे मला माहीत होतं. तुम्हाला नव्हतं."

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या साहेब. त्या म्हणाल्या, "हो. ते नव्हतं माहीत."  मग त्या पदर खोचून उठल्या. "चहा ठेवते. बिनसाखरेचा ना तुम्हाला?"

आम्ही चहा प्यालो. धाकटीच्या कॉलेजचं, इमारतीतल्या भांडणांचं बोलणं झालं. निघताना बाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तो अठ्ठ्याण्णववाला खरा होता ना?"

"खरा होता," साडू म्हणाले.

"मग ठीक आहे."

पहिल्या मजल्याच्या वळणावर साडू थांबले. कठड्याला हात लावला, आणि तिथेच पायरीवर रुमाल न पसरता बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसायच्या आधी जागा न पुसता बसलेलं पाहिलं नव्हतं. "दमलो हो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्दही मी प्रथमच ऐकला. मीही शेजारी बसलो. जिन्यातून माणसं वरखाली जात होती, दोन म्हातारे वाटेत बसलेले बघून कडेनं पाय टाकत होती. एका बाईनं विचारलं, "आजोबा, बरं नाही का?" साडूंनी मान हलवली, आणि भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटले. मी घड्याळ बघितलं नाही. आम्हाला कुठेच पोचायचं नव्हतं.